घरचा कुत्रा, रुग्णांचा सोबती

खानदेशच्या लोकजीवनात कुत्र्याचे स्थान जुने आहे. साक्रीच्या माळावरून मेंढरांचे कळप घेऊन हिंडणाऱ्या ठेलाऱ्यांच्या वाड्याची राखण तोच करतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत रात्री पाण्याची पाळी धरून बसलेल्या शेतकऱ्याला सोबत त्याचीच असते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या पाड्यांवर परक्या माणसाच्या चाहुलीची पहिली वर्दी तोच देतो. आणि ज्या घरांत खंडोबाचा कुळाचार आहे तेथे चंपाषष्ठीच्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला एक घास त्याच्यासाठी आवर्जून काढलेला असतो. इतके असूनही, दुःखी माणसाजवळ काहीही न विचारता, काहीही न मागता शांतपणे बसून राहण्याचा जो एक विलक्षण गुण या प्राण्याच्या अंगी आहे, त्याचा पद्धतशीर उपयोग रुग्णांसाठी, वृद्धांसाठी आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी करून घेता येतो, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही. जगातील अनेक देशांत, आणि आता मुंबई-पुण्यातही, घरोघरचे पाळलेले कुत्रे थोडी तालीम घेऊन हे काम नियमाने करीत आहेत. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला आपल्या अंगणातील कुत्र्याकडे या दृष्टीने पाहता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अशा कुत्र्याला सर्वत्र ‘थेरपी डॉग’ असेच म्हणतात. पोलिसांच्या श्वानपथकातला कुत्रा आणि हा कुत्रा यांत मुळातच भेद आहे, आणि अंधाला रस्ता दाखविणाऱ्या मार्गदर्शक कुत्र्याशीही याची गल्लत करू नये. मार्गदर्शक कुत्रा एकाच धन्याच्या सेवेला वाहिलेला असतो; त्याची तालीम दीर्घ आणि अवघड असते व ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालते. थेरपी डॉग मात्र कोणाच्या तरी घरचा नेहमीचा लाडका कुत्रा असतो. तो आपल्या मालकाबरोबर आठवड्यातून एखादे दिवशी इस्पितळात, वृद्धाश्रमात किंवा शाळेत जातो, अनोळखी माणसांच्या सहवासात थोडा वेळ घालवितो आणि पुन्हा घरी येऊन दाराशी लोळतो. या कामाचे दोन प्रकार आहेत. पहिला केवळ भेटीचा, ज्यात मन रमविणे हाच उद्देश असतो. दुसरा उपचाराचा, ज्यात मानसतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ प्रत्येक रुग्णासाठी एखादे उद्दिष्ट ठरवितो व त्याच्या प्रगतीची नोंद ठेवतो. पक्षाघाताने दुबळा झालेला हात रोज दहा वेळा वर उचला असे सांगितले तर जो रुग्ण कंटाळतो, तोच रुग्ण कुत्र्याच्या पाठीवरून ब्रश फिरविण्यासाठी तो हात आनंदाने वीस वेळा उचलतो. आणि ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही, ते मूल कुत्र्याला ‘बस’ असे सांगण्यासाठी ओठ हलवू लागते. या दुसऱ्या प्रकारात उपचार तज्ज्ञाचाच असतो. कुत्रा हा त्याचा सहायक.

या कल्पनेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. रुग्णसेवेला शास्त्राची बैठक देणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच असे नमूद करून ठेवले होते की, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लहानशा पाळीव प्राण्याची सोबत उत्तम असते. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, न्यू गिनीच्या अरण्यात एका खंदकात यॉर्कशायर टेरियर जातीची एक चिमुकली कुत्री सापडली, आणि ती विल्यम विन नावाच्या अमेरिकन सैनिकाने दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. तिचे नाव स्मोकी. विन स्वतः आजारी पडून लष्करी इस्पितळात दाखल झाला तेव्हा त्याच्या मित्रांनी तिला त्याच्या भेटीला आणले, आणि जखमी सैनिकांच्या चेहऱ्यावर तिला पाहून जो पालट झाला तो परिचारिकांच्या इतका नजरेत भरला की, त्यांनी तिला आपल्याबरोबर खाटाखाटांशी फिरविण्याची परवानगी मागितली. रुग्णांच्या भेटीला जाणारा पहिला ज्ञात थेरपी डॉग म्हणून आज तिचाच उल्लेख केला जातो.

परंतु या अनुभवाला विचाराचे रूप दिले ते न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी. त्यांच्याकडे उपचारासाठी आणलेला एक मुलगा कोणाशी काही बोलत नसे. एके दिवशी तो ठरलेल्या वेळेआधीच आला; लेव्हिन्सन यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा त्या वेळी खोलीतच होता; तो मुलाजवळ गेला, मुलगा त्याच्याशी खेळू लागला, आणि त्या खेळाच्या आधाराने मुलाच्या व डॉक्टरांच्या संभाषणाला वाट सापडली. १९६२ साली लेव्हिन्सन यांनी कुत्र्याला ‘सह-उपचारक’ म्हणून संबोधणारा निबंध प्रसिद्ध केला. प्रारंभी त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांची थट्टाच केली. पण अवघ्या पंधरा वर्षांत वारे फिरले. १९७६ साली अमेरिकेत इलेन स्मिथ या परिचारिकेने थेरपी डॉगची नोंदणी करणारी संस्था काढली; १९७७ साली तेथेच स्थापन झालेल्या, आणि आज पेट पार्टनर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने मालक आणि प्राणी या दोघांचीही परीक्षा घेण्याचा शिरस्ता घालून दिला; आणि आशियात १९९१ साली हाँगकाँगमध्ये जिल रॉबिन्सन यांनी ‘डॉक्टर डॉग’ हा उपक्रम सुरू केला, जो या शतकाच्या आरंभी चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेमार्फत भारतात येऊन पोहोचला.

महाराष्ट्रात या कार्याचा पाया घालण्याचे श्रेय प्रामुख्याने मानसतज्ज्ञ मिनल कविश्वर यांच्याकडे आणि त्यांनी मुंबईत उभारलेल्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन या संस्थेकडे जाते. स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळांतून या संस्थेने प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने उपचारसत्रे चालविली, आणि मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेला कार्यकर्ता व तालीम घेतलेला कुत्रा यांची जोडी हेच आपल्या कामाचे परिमाण मानले. पुढे मुंबईच्या विमानतळावरही प्रवाशांच्या मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून असे कुत्रे आणले गेले. जी गोष्ट मुंबईच्या गर्दीत आणि गोंगाटात शक्य झाली, ती जळगावात किंवा धुळ्यात अशक्य मानण्याचे कारण नाही.

या सहवासाने नेमके होते काय, हा प्रश्न साहजिक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील इस्पितळात हृदयदौर्बल्याने आजारी असलेल्या ७६ रुग्णांची पाहणी करण्यात आली. काहींना कुत्रा व त्याचा मालक अवघी १२ मिनिटे भेटले, काहींना केवळ माणूस भेटला, आणि काहींना कोणीच भेटले नाही. कुत्र्याची भेट झालेल्या रुग्णांच्या मनातील चिंता अधिक प्रमाणात कमी झाली, इतकेच नव्हे तर हृदय व फुप्फुसांतील रक्ताचा दाब आणि ताणाशी निगडित संप्रेरकांची पातळीही उतरलेली आढळली. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माणसाने कुत्र्याला प्रेमाने कुरवाळले असता ऑक्सिटोसिन हे स्नेहभावाशी संबंध असलेले संप्रेरक दोघांच्याही शरीरात वाढते, असे दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००३ साली दाखविले. यावरून कुत्रा हा आजार बरा करतो असा अर्थ कोणी काढू नये. तो औषधाची जागा घेत नाही. औषध घेणाऱ्या माणसाच्या मनाला उभारी देतो, आणि ज्याला आजारपणाचा अनुभव आहे त्याला या उभारीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता तालमीकडे वळू. पहिला प्रश्न कुत्र्याच्या निवडीचा, आणि येथेच बहुतेकांची समजूत चुकीची असते. लॅब्रॅडोर किंवा गोल्डन रिट्रिव्हर घरात आणला म्हणजे निम्मे काम झाले, असे नाही. जात महत्त्वाची नाही. स्वभाव महत्त्वाचा आहे. जो कुत्रा परक्या माणसाला पाहून मागे सरत नाही, भुंकत नाही, अंगावरही झेपावत नाही, आणि मालकाने न खुणावताही शेपटी सैल ठेवून त्या माणसाजवळ आपणहून जातो, तोच या कामाला योग्य. मग तो शेकडो मैलांवरून आणलेला जातिवंत असो, की गल्लीतून उचलून वाढविलेला गावठी असो. उलट अत्यंत हुशार, सांगितलेले सर्व हुकूम क्षणात पाळणारा, पण घरच्या माणसांखेरीज इतरांचा स्पर्श केवळ सहन करणारा कुत्रा या कामाला अयोग्य. कारण तेथे परक्यांचाच स्पर्श होणार. शिकविण्याने सवयी लागतात, परंतु माणसांची आवड शिकविता येत नाही. ती आवड जोपासण्याचा काळ मात्र असतो. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते आणि हुंगते ते त्याला आयुष्यभर परके वाटत नाही. म्हणून या काळात त्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने आणि लसीकरणाचे भान ठेवून लहान मुले, काठी टेकत चालणारे आजोबा, डोक्यावर पदर घेतलेल्या आजी, दाढीवाले, टोपीवाले, गणवेशातले, असे नाना प्रकारचे लोक प्रसन्न वातावरणात भेटले पाहिजेत. प्रत्यक्ष भेटींचे काम मात्र कुत्रा किमान एक वर्षाचा झाल्यावाचून देऊ नये, असा जाणत्या संस्थांचा नियम आहे.

मूलभूत आज्ञा थोड्याच आहेत: बस, झोप, थांब, ये, आणि सोड. त्याखेरीज साखळी न ताणता मालकाच्या डाव्या अंगाने चालणे. हे सर्व बक्षिसाने शिकवावे. मारून, दरडावून किंवा गळ्याला काचणारे पट्टे घालून शिकविलेला कुत्रा आज्ञा पाळतो खरा, पण त्याच्या मनात माणसाच्या हाताविषयी भीती कायमची बसते, आणि ज्याला अनोळखी हातांखालीच वावरायचे आहे त्याच्या बाबतीत याहून घातक गोष्ट दुसरी नाही.

या आज्ञांपैकी ‘सोड’ ही आज्ञा कशी शिकवितात ते जवळून पाहण्यासारखे आहे. कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा मुठीत घेऊन ती मूठ कुत्र्यापुढे धरायची. तो हुंगतो, चाटतो, पंजाने मूठ उकरू पाहतो. मालकाने काहीही बोलायचे नाही आणि हातही मागे घ्यायचा नाही. काही वेळाने तो प्रयत्न सोडून क्षणभर तोंड बाजूला करतो. नेमक्या त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचे, आणि मुठीतला नव्हे तर दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. मोह सोडल्यावर अधिक चांगले मिळते हे एकदा कळले की पुढचे धडे सोपे होतात. मग उघड्या तळहातावर, मग फरशीवर, मग चालताचालता वाटेत पडलेल्या तुकड्याजवळून जाताना तीच आज्ञा. हा खटाटोप कशासाठी, तर इस्पितळाच्या फरशीवर औषधाची गोळी पडलेली असते, कापूस पडलेला असतो, आणि खाटेवरच्या प्रेमळ आजी आपल्या डब्यातले काहीबाही पुढे करीत असतात. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट, कांदा आणि लसूण हे पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. तेव्हा आपल्या खानदेशी भरताचा घासही, तो कितीही मायेने दिलेला असला तरी, त्याने तोंडात घेता कामा नये.

यापुढची तालीम रुग्णालयाच्या जगाची ओळख करून देणारी. घराच्या अंगणात निर्भय वावरणारा कुत्रा गुळगुळीत फरशीवर पाय घसरताच घाबरतो, म्हणून त्याला तशा फरशीवर रोज थोडे चालवावे. चाकांची खुर्ची प्रथम नुसती उभी ठेवून हुंगू द्यावी, मग ती दुरून हळूहळू फिरवावी, आणि तो शांत राहील तसतसे अंतर कमी करावे. कुबड्या, सलाइनचा स्टँड, फिनेलचा वास, मोठ्याने खोकणारा माणूस, हातून निसटून खणखणत पडलेले स्टीलचे ताट, या प्रत्येकाची ओळख अशीच टप्प्याटप्प्याने करून द्यावी. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त असलेल्या मुलाची बोटे त्याच्या इच्छेविरुद्ध आवळली जातात आणि त्यात कुत्र्याचे केस ओढले जातात. तो त्या वेळी चकित होऊन उलटू नये म्हणून मालकाने घरीच त्याच्या कानाला, पायाच्या बोटांना आणि पाठीवरच्या केसांना हलकासा ताण द्यावा आणि लगेच खाऊ द्यावा, म्हणजे असा स्पर्श हा धोक्याचा नव्हे तर खाऊचा संकेत ठरतो. सरावासाठी पहाटे जळगावच्या मेहरूण तलावाकाठी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ उत्तम. ती पचली की मग फुले मार्केटच्या किंवा धुळ्याच्या आग्रा रोडच्या गजबजाटात, पण कडेकडेने आणि थोडाच वेळ.

तालीम पुरी झाली की नाही हे ठरविण्यासाठी अमेरिकन केनेल क्लबने १९८९ साली घालून दिलेली दहा कलमांची कसोटी पुष्कळ ठिकाणी आधाराला घेतली जाते. अनोळखी माणसाशी भेट शांतपणे स्वीकारणे, अंगावरून हात फिरवू देणे, गर्दीतून सैल साखळीने चालणे, दुसरा कुत्रा समोर आला तरी विचलित न होणे, अचानक झालेल्या आवाजाने क्षणभर दचकले तरी लगेच सावरणे, मालक काही मिनिटे दृष्टीआड झाला तरी आकांत न करणे, अशी ही कलमे आहेत. प्रत्येक मालकाने निदान ही कसोटी घरच्या घरी तरी प्रामाणिकपणे लावून पाहावी.

तथापि, कुत्र्याची तालीम हा या कामाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग मालकाच्या तालमीचा, आणि माझ्या मते तोच अधिक कठीण. कुत्रा बोलत नाही, परंतु आपली नापसंती तो स्पष्ट कळवितो. झोप आलेली नसता जांभई देणे, समोर खाणे नसता ओठ चाटणे, मान दुसरीकडे वळविणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे, शेपटी पोटाखाली घेणे, उष्मा नसताही धापा टाकणे, ही त्याची भाषा आहे. यांतले एक चिन्ह दिसले तरी मालकाने हसतमुखाने निरोप घेऊन त्याला बाहेर न्यावे. समोरच्या मंडळींचा आग्रह, छायाचित्रासाठी चाललेली लगबग, आयोजकांचा कार्यक्रम, यांपैकी कशाचीही भीड बाळगू नये. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा करणे ही तर सर्वांत मोठी चूक. कारण गुरगुरणे ही त्याने दिलेली पूर्वसूचना असते, आणि ती सूचना देण्याबद्दल ज्याला मार बसला तो पुढच्या वेळी सूचना न देताच चावतो. आरंभीच्या भेटी पंधरा-वीस मिनिटांच्या असाव्यात, आणि सरावलेल्या कुत्र्यालाही एका दिवसात दोन तासांहून अधिक काळ राबवू नये. हा प्राणी आपली सेवा स्वखुशीने करीत असेल तरच ती सेवा. अन्यथा ती वेठबिगार होते.

आरोग्याच्या बाबतीत यत्किंचितही हयगय चालणार नाही. रेबीज हा रोग एकदा लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा प्राण घेतल्यावाचून राहत नाही, म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर त्याची पहिली लस आणि त्यानंतर पशुवैद्य सांगेल त्या मुदतीने, सामान्यतः दरवर्षी, पुढची लस चुकविता कामा नये. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस यांपासून संरक्षण देणारी संयुक्त लस, ठरावीक काळाने जंताचे औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, हे सर्व नोंदवहीत तारखेनिशी असावे. भेटीपूर्वी चोवीस तासांच्या आत त्याला स्नान घालावे, नखे कापून घासून गुळगुळीत करावीत, कारण म्हाताऱ्या माणसाची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्याला या कामावर नेऊ नये. त्याच्या लाळेतून व विष्ठेतून जंतू पसरण्याचा धोका असतो. आणि उन्हाळा हा तर खानदेशचा खास प्रश्न. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही, त्याला मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड ठेवावे लागते, आणि तापलेल्या डांबरावर त्याच्या तळव्यांना फोड येतात. त्या दिवसांत भेटी सकाळी लवकर घ्याव्यात, आपल्या हाताची पालथी बाजू काही क्षण रस्त्यावर टेकवून पाहावी आणि ती टेकवत नसेल तर कुत्र्याला त्या रस्त्यावर चालवू नये. दाट केसांच्या विलायती जातींपेक्षा आपला आखूड केसांचा गावठी कुत्रा हे हवामान अधिक सोसतो, हा विचारही निवडीच्या वेळी करण्यासारखा आहे.

जितकी कुत्र्याची संमती महत्त्वाची, तितकीच माणसाचीही. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते, आणि त्याच घरांत कुत्र्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत. कित्येक मुसलमान कुटुंबांत त्याच्या लाळेचा स्पर्श धर्मदृष्ट्या वर्ज्य मानतात. आणि ज्याला लहानपणी कुत्रा चावला आहे त्याची भीती तर कोणत्याही युक्तिवादाने जात नाही. या सर्वांच्या भावनेचा मान राखला पाहिजे. प्रत्येक खाटेशी जाण्यापूर्वी विचारावे, आणि नकार मिळाल्यास कारण न विचारता पुढे जावे. ज्यांना उघड्या जखमा आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे क्षीण झाली आहे, किंवा ज्यांना केसांमुळे दमा उठतो, अशा रुग्णांकडे डॉक्टरांच्या परवानगीवाचून जाऊच नये. भेटीपूर्वी व भेटीनंतर प्रत्येकाने हात धुवावेत. कागदपत्रांचे म्हणाल, तर या कामासाठी आपल्याकडे वेगळा सरकारी परवाना नाही. म्हणूनच लसीकरणाचा दाखला, महानगरपालिकेकडील कुत्र्याची नोंद आणि संस्थेच्या प्रमुखांची लेखी संमती, ही तीन कागदपत्रे मालकाने स्वतःहून जवळ बाळगावीत. पैसे भरून मिळालेले प्रशस्तिपत्र किंवा अंगावर चढविलेले रंगीत जाकीट यांनी कुत्रा थेरपी डॉग होत नाही.

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पशुसंवर्धन खात्याचे जिल्हा सर्वचिकित्सालय आहे, वृद्धाश्रम आहेत, विशेष मुलांच्या शाळा आहेत. दिव्यांग तरुणांना निवासी शिक्षण देणारा दीपस्तंभ संस्थेचा ‘मनोबल’ प्रकल्प जळगावातच उभा राहिला आहे. या कामाला लागणारी सामग्री अशी हाताशी आहे. एक पशुवैद्य, एक मानसतज्ज्ञ आणि पाच-सात समंजस श्वानपालक एकत्र आले की आरंभ होऊ शकतो.

शाळांच्या बाबतीत तर एक गोष्ट विशेष आग्रहाने सुचवावीशी वाटते. १९९९ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे, वाचताना अडखळणाऱ्या मुलांनी कुत्र्यापाशी बसून त्याला पुस्तक वाचून दाखवावे, असा उपक्रम सुरू झाला आणि तो पुढे अनेक देशांत पसरला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणारी हजारो मुले येतात. पुस्तकातील प्रमाण मराठी वाचताना ती अडखळतात, वर्गात हसे होते, आणि हळूहळू तोंड उघडण्याचीच त्यांना धास्ती वाटू लागते. कुत्रा उच्चार सुधारत नाही, मध्येच थांबवीत नाही, हसत नाही. तो शेजारी बसून ऐकत राहतो. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी शिक्षक म्हणून मुलांवर माया केली, त्या अमळनेरच्या किंवा शिरपूर-साक्रीच्या एखाद्या शाळेने, पालकांची संमती घेऊन आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एक तास हा प्रयोग करून पाहावा.

ज्या वाचकाच्या घरी कुत्रा आहे त्याला अखेर एवढेच सांगणे आहे. आधी सहा महिने त्याच्याकडे नीट लक्ष देऊन पाहा. परके माणूस आले असता तो आपणहून, सैल अंगाने, आनंदाने त्याच्याकडे जात नसेल, तर त्याच्यावर हे काम लादू नका. घरची राखण आणि घरच्यांची सोबत हेही लहान काम नव्हे. जात असेल, तर पशुवैद्याकडे जाऊन लसीकरणाची वही पुरी करून घ्या, रोज पंधरा मिनिटे तालीम द्या, आणि वर्षभराने आपल्या गावातील वृद्धाश्रमाच्या चालकांना एक अर्ज लिहा.